शेड नाही म्हणून गाडी नाही?

मालेगावला रेल्वे स्टेशन नाही. कारखानदार असो, सूत-कापडाचा दलाल असो की सुटे भाग आणायला निघालेला फिटर, प्रत्येकाला आधी एस.टी. किंवा जीप पकडून मनमाड गाठावे लागते. मुंबईच्या बाजारातून परतताना मी स्वतः दोनदा नाशिक रोडच्या बाकावर रात्र काढली आहे. एक्सप्रेस चुकली होती आणि मागून येणारी पॅसेंजर नव्हती. नमुन्यांचे गाठोडे उशाला. दुसऱ्या दिवशीचा धंदा बुडाला तो वेगळाच.

मार्च 2020 मध्ये देशभरच्या पॅसेंजर गाड्या थांबल्या. आपल्या मार्गावर जानेवारी 2022 मध्ये इगतपुरी–भुसावळ मेमू सुरू झाली. ती इगतपुरीहून का, असे पुष्कळ जण विचारतात. कसारा-इगतपुरी घाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे आणि तिथे गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात, म्हणून घाटाच्या वरून सुटणारी गाडी सोयीची.

आणखी गाड्या मागितल्या की उत्तर ठरलेले: डबे धुण्या-तपासण्याची सोय अपुरी आहे. यात खोटे काही नाही. डब्यांखालचे ब्रेक, स्प्रिंगा आणि चाके पाहायला रुळांखाली खड्डा लागतो. त्याला पिट लाइन म्हणतात. त्या मोजक्याच असतात आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांनी भरलेल्या असतात.

पण आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. चोवीस लूमना चोवीस फिटर कोणी ठेवतो काय? लूम चालत राहतो, फिटर पाळीपाळीने येतो. मुंबईच्या लोकलचे तेच आहे. एक लोकल दिवसभर फेऱ्या मारते. प्रत्येक फेरीनंतर ती कुर्ला किंवा कळव्याच्या शेडमध्ये जात नाही. ठरलेल्या दिवसांनी तिची पाळी येते. मेमूही त्याच जातीची. दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्यामुळे इंजिन काढून पुढे लावण्याची भानगड नाही. दोन फेऱ्यांच्या मधे फलाटावरच झाडलोट करायची, पाणी भरायचे, वरवर तपासायचे आणि गाडी परत सोडायची.

आता हिशेब करू. नाशिक रोड ते मनमाड 73 किलोमीटर. निफाड, लासलगाव धरून सगळे थांबे घेतले तरी दीड तास धरा, वळायला अर्धा तास. म्हणजे जाऊन-येऊन चार तास. एकाच गाडीच्या दिवसात तीन फेऱ्या सहज होतात, 438 किलोमीटर. आठवड्यातून एखादी फेरी भुसावळपर्यंत नेऊन गाडी तपासणीला सोडायची आणि त्या दिवशी दुसरी लावायची. मनमाडला नवी शेड बांधायची गरज उरत नाही.

अडचणी मात्र लपवू नयेत. एकच गाडी सहा वेळा धावली तर सकाळचा अर्ध्या तासाचा उशीर संध्याकाळच्या गाडीपर्यंत येतो. दुपारी थोडी मोकळी वेळ ठेवावीच लागेल. एक गाडी राखीव हवी, चालक-गार्डच्या दोन जोड्या हव्यात. सगळ्यात मोठी अडचण रुळांची. मालगाड्या आणि एक्सप्रेस यांच्या गर्दीत मेमूला वाट मिळणे कठीण. जळगाव–मनमाड चौथ्या मार्गाला, 160 किलोमीटर, केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, पण तो मनमाडच्या पूर्वेला. नाशिककडच्या बाजूचे काय, हे विचारले पाहिजे. मालेगाववरून जाणारा मनमाड–इंदूर मार्ग सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झाला, त्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. तो 309 किलोमीटरचा आहे.

म्हणून व्यापारी संघटनांनी भुसावळ विभागाकडे निवेदन देताना "नवी गाडी द्या" एवढेच लिहू नये. कोणती गाडी कुठे किती तास उभी असते ते स्टेशनवर जाऊन, वेळापत्रक हातात घेऊन टिपावे आणि त्या रिकाम्या तासांत फेरी मागावी. पहिली गाडी मनमाडहून अशी सुटावी की माणूस सकाळी आठच्या आत नाशिक रोडला पोहोचेल. शेवटची नाशिक रोडहून रात्री नऊनंतर निघावी, आणि मनमाडला तिला मालेगावची एस.टी. मिळावी. हे एस.टी.चे कलम निवेदनात विसरू नका.