तंजावरचे मोडी हिशेब आणि कामाचा खरा क्रम

कार्यालयातील काम नियमपुस्तकात जसे लिहिलेले असते, तसेच ते प्रत्यक्षात होते काय? या प्रश्नाचे उत्तर संगणकातील नोंदींवरून शोधणाऱ्या तंत्राला 'प्रोसेस मायनिंग' असे म्हणतात. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील विद्यापीठात विल फान डेर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस या विषयाची पायाभरणी केली. बँका, रुग्णालये आणि कारखाने आता या तंत्राचा उपयोग करतात.

त्यासाठी प्रत्येक नोंदीत किमान तीन गोष्टी लागतात : प्रकरण कोणते, कृती कोणती आणि ती केव्हा घडली. देयक येते, तपासले जाते, मंजूर होते आणि मग रक्कम दिली जाते, असा नियम असतो. हजारो नोंदी एकत्र मांडल्या की काही देयके दोनदा तपासणीस परत गेल्याचे, तर काहींना रक्कम दिल्यानंतर मंजुरी मिळाल्याचे उघड होऊ शकते. कर्मचाऱ्यांना विचारून हे सहसा कळत नाही.

संगणक येण्यापूर्वीही चिकाटीने नोंदी ठेवणारी कार्यालये होती. तंजावरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या कारभाराचे मोडी कागद जतन केलेले आहेत. सरफोजी राजे (दुसरे) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदीही तेथे असून, त्यांसोबत डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्यानंतर १८०१ मध्ये सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांची व्यवस्था समजावून सांगितली. कोणत्याही जातीच्या वाटसरूस अन्न मिळे, आजाऱ्यास औषध व पथ्याचे जेवण मिळे आणि मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना बोलावले जाई, असे त्यात नमूद आहे.

प्रोसेस मायनिंगच्या भाषेत हे पत्र म्हणजे कामाचा आराखडा होय. आराखडा आणि प्रत्यक्ष नोंदी यांचा मेळ तपासणे, हा या तंत्राचा एक प्रमुख भाग आहे. छत्रांच्या खर्चाचे मोडी हिशेब तारीखवार तक्त्यात उतरविले, तर राजाने वर्णिलेली व्यवस्था रोजच्या व्यवहारात कितपत उतरली होती, हे पडताळून पाहता येईल.

मात्र तक्ता तयार करणे हेच अवघड काम आहे. मोडीत शब्द सलग लिहिले जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. त्यामुळे दोन नोंदींतील नाव एकाच व्यक्तीचे आहे की नाही, हे ठरविताना अनुभवी वाचकही अडखळतो. मराठी दफ्तरांत शकाबरोबर शुहूर सनही आढळतो. कालगणना एक केल्याशिवाय कृतींचा क्रम लागत नाही आणि क्रम चुकला की पुढील सारे निष्कर्ष चुकतात. शिवाय जे कारकुनाने लिहिलेच नाही, ते कोणत्याही संगणकाला सापडणार नाही. घंटा वाजली, पण तिची नोंद झाली नाही, तर हिशेबाच्या दृष्टीने ती वाजलीच नाही.

तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर टिपांसह तीन खंडांत प्रसिद्ध केले. उरलेल्या गठ्ठ्यांसाठी संगणकाआधी मोडी वाचणारी माणसे लागतील आणि ती दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत.