माहुलीचे रामशास्त्री : चाकरी, निवाडे आणि दोन रुपयांची दक्षिणा

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत न्यायाधीश निवडणूक लढवतात. आज विधिमंडळात बसलेला माणूस उद्या न्यायासनावर दिसला, तर तिथे कुणाला त्याचं नवल वाटत नाही. आपल्याला ते खटकतं, कारण आपल्या मनातला न्यायाधीश म्हणजे रामशास्त्री प्रभुणे, धन्याच्या तोंडावर निकाल सांगून चालता झालेला. पण शास्त्रीबुवांची कारकीर्द त्या एका दिवसाएवढी नव्हती. तीसहून अधिक वर्षं ते पेशवाईच्या राजकारणाच्या ऐन माजघरात वावरले.

जन्म साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचा, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचा. विद्येची गोडी उशिरा लागली. पोरवयात ते साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे कामाला होते. धन्याच्या पायावर पाणी घालताना नजर त्याच्या कानातल्या भिकबाळीवर खिळली, त्यावर टोमणा ऐकावा लागला आणि पोरगा थेट काशीला गेला, अशी आख्यायिका आहे. काशीत बाळंभट्ट पायगुंड्यांकडे धर्मशास्त्र शिकून ते परतले. 1751 मध्ये पेशव्यांच्या पदरी लागले आणि 1759 मध्ये मुख्य न्यायाधीश झाले.

काम मोठं चिवट होतं. वतनाची भांडणं, भाऊबंदकीच्या वाटण्या, दत्तकाचे तंटे. वकील नाहीत, छापील कायदा नाही. आधार मिताक्षरा, व्यवहारमयूख हे धर्मशास्त्राचे ग्रंथ आणि गावची वहिवाट. वादी-प्रतिवादी आधी 'निकाल मान्य' असा राजीनामा लिहून देत, जामीन देत, मग पंचायत साक्षी-पुरावे तपासी. शेवटी निवाडपत्र. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. म्हणजे प्रत्येक तंट्यातून सरकारच्या तिजोरीत भर पडायची. अशा व्यवस्थेत हात स्वच्छ ठेवणं, हे मला धन्याच्या तोंडावर निकाल सांगून चाकरी सोडण्याच्या प्रसंगापेक्षा अवघड वाटतं.

तो प्रसंग 1773 चा. 30 ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्र्यांनी चौकशी केली, ती नारायणरावांचे काका आणि नवे पेशवे रघुनाथराव यांच्यापाशी येऊन थांबली. प्रायश्चित्त काय, असं खुद्द रघुनाथरावांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं : देहान्त. साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात हे नोंदवलं आहे. तुम्ही कारभारात असेतो पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असं सांगून शास्त्री वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. शिक्षा मात्र कधीच अमलात आली नाही. रघुनाथराव पुढे दहा वर्षं जगले, इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि 1783 मध्ये कोपरगावी वारले. नाटक-सिनेमाला एवढ्या तपशिलाची गरज पडत नाही.

रघुनाथरावांची सत्ता गेल्यावर पेशव्यांचे कारभारी नाना फडणविसांनी शास्त्र्यांना परत बोलावलं आणि तेही आले. संन्यास वगैरे काही घेतला नव्हता! श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना द्यायच्या दक्षिणेची व्यवस्थाही त्यांच्याकडे असे. एकदा रांगेत त्यांचेच सख्खे भाऊ उभे राहिले. नानांनी वीस रुपये सुचवले. शास्त्री म्हणाले, यांची विद्या बेताची, सरकारातून दोनच रुपये. बाकीचे मी घरून भाऊ म्हणून देईन. गोष्ट ऐकीव असेल, पण ग्रँट डफही लिहितो की त्यांच्या घरात दिवसाच्या गरजेपुरतंच धान्य असे.

1789 मध्ये ते वारले. आयुष्याच्या उत्तरार्धातलं एक प्रकरण मात्र कमी सांगितलं जातं, आणि ते आजच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावचं आहे. पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांची मुलगी लहानपणीच विधवा झाली. तिचं पुन्हा लग्न लावावं असं भाऊंच्या मनात आलं. शास्त्राधार विचारला गेला तेव्हा रामशास्त्र्यांनी अनुकूल कौल दिल्याचं सांगतात. तरी विरोध वाढला आणि लढायांत माघार न घेणाऱ्या भाऊंनी हा बेत सोडून दिला. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा आला तो 1856 मध्ये. तोवर पेशवाई बुडून अडतीस वर्षं झाली होती.