३७८ फायली

१७ मे १९६८. बाल्टिमोरजवळच्या केटन्सव्हिल गावात भरदुपारी नऊ माणसं लष्करभरतीच्या कचेरीत शिरली. सात पुरुष, दोन बायका. पुरुषांतले दोघे गळ्यात पांढरी कॉलर घातलेले कॅथलिक धर्मगुरू, आणि तेही सख्खे भाऊ. कचेरीतल्या बायका अडवत असताना त्यांनी ३७८ फायली तारेच्या टोपल्यांत कोंबल्या, बाहेरच्या मोटारी लावायच्या जागेत नेऊन ओतल्या आणि पेटवून दिल्या. पेटवायला वापरलेला नापाम त्यांनी घरीच केला होता : पेट्रोल आणि साबणाचा चुरा. कृती अमेरिकी सैन्याच्याच पुस्तिकेतली. मग पळून न जाता ते प्रभूची प्रार्थना म्हणत पोलिसांची वाट पाहत उभे राहिले.

या फायली बहुतांशी लढायला योग्य ठरवलेल्या तरुणांच्या होत्या. त्यांना व्हिएतनामला धाडायचं, तर आधी कागद हवा. दोघा भावांतले थोरले फादर डॅनियल बेरिगन यांचं म्हणणं सरळ होतं : याच नापामने तिकडे मुलं जळताहेत, आम्ही इकडे कागद जाळले.

डॅनियल बेरिगन यांचा जन्म १९२१चा, मिनेसोटातला. वडील आयरिश वंशाचे, कामगार संघटनेत मुरलेले, आई जर्मन. सहा मुलगे. डॅनियल १९३९मध्ये जेझुइट संघात गेले, १९५२मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९५७च्या पहिल्याच कवितासंग्रहाला अमेरिकेतलं मानाचं लमाँट पारितोषिक मिळालं. तिथून पुढे ते प्राध्यापक-कवी म्हणून सुखाने जगू शकले असते. पण १९६५च्या शेवटी त्यांच्या युद्धविरोधाला कंटाळून वरिष्ठांनी त्यांना लॅटिन अमेरिकेत धाडून दिलं. न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर निषेधाची जाहिरात झळकली, तेव्हा कुठे काही महिन्यांनी ते परत येऊ शकले. फेब्रुवारी १९६८मध्ये इतिहासकार हॉवर्ड झिन यांच्यासोबत ते हनोईला गेले आणि तीन अमेरिकी वैमानिकांना सोडवून आले. तिथे अमेरिकी बॉम्बहल्ल्यांच्या वेळी त्यांना व्हिएतनामी मुलांबरोबर खंदकात बसावं लागलं. केटन्सव्हिल त्यानंतर तीन महिन्यांनी.

मला या माणसाच्या धैर्यापेक्षा त्याच्या स्नेह्यांनी घेतलेल्या हरकती जास्त महत्त्वाच्या वाटतात. ट्रॅपिस्ट संन्यासी आणि लेखक थॉमस मर्टन हे बेरिगन यांचे जिवलग मित्र; पण केटन्सव्हिलची कृती हिंसेच्या काठावर गेली, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. कॅथलिक वर्कर चळवळीच्या डोरोथी डे यांना धैर्याचं कौतुक होतं, मालमत्तेची नासधूस मात्र पटत नव्हती. हरकत पोकळ नव्हे. गांधीजींच्या सांगण्यावरून जोहान्सबर्गच्या मशिदीसमोर १९०८मध्ये हिंदी लोकांनी परवाने जाळले, ते स्वतःचे होते. बेरिगन यांनी जाळले ते दुसऱ्यांचे. त्यावर बेरिगन बंधूंचा युक्तिवाद असा की काही मालमत्तेला अस्तित्वाचाच हक्क नसतो. माणसं मारण्याखेरीज जिचा उपयोग नाही, ती राखण्यात कसली अहिंसा? मला हा युक्तिवाद फायलींपुरता पटतो. पण ‘कशाला अस्तित्वाचा हक्क नाही’ हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

ऑक्टोबरात बाल्टिमोरच्या संघीय न्यायालयात खटला चालला. कृती सगळ्यांनी कबूल केली, गुन्हा नाकारला. निकालाआधी बेरिगन यांनी प्रार्थना म्हणायची परवानगी मागितली. न्यायाधीश रोझेल थॉमसन यांनी ती दिली. शिक्षा व्हायची ती झालीच : डॅनियल यांना तीन वर्षं.

गांधीजी आणि बेरिगन यांच्यातली पुढची फट अधिक रुंद आहे. १९२२मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी जास्तीत जास्त शिक्षा मागून घेतली होती. बेरिगन मात्र एप्रिल १९७०मध्ये तुरुंगात हजर होण्याऐवजी भूमिगत झाले. बेचाळीसचे भूमिगत पाहिलेल्या महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. तेव्हाही गांधीजी लपून राहण्याच्या विरोधातच होते. बेरिगन यांचं भूमिगतपण तर निम्मं नाटकच होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या जलशात ते व्यासपीठावर आले, दिवे गेले, आणि ते एका प्रचंड कागदी बाहुल्यात शिरून एफबीआयच्या नाकासमोरून निसटले. अधूनमधून मुलाखती देत राहिले, एका चर्चमध्ये प्रवचनही दिलं. शेवटी ११ ऑगस्टला ब्लॉक आयलंडवर पक्षिनिरीक्षक बनून आलेल्या एफबीआयच्या माणसांनी त्यांना पकडलं. पुढच्या जानेवारीत दोघे भाऊ टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होते. नवांपैकी मेरी मॉयलन या परिचारिकाही तेव्हाच भूमिगत झाल्या आणि १९७९पर्यंत तशाच राहिल्या. त्यांचं नाव आज कितीजणांना ठाऊक आहे? डॅनियल यांच्यावर लिहिताना हे नोंदवायला हवं.

डॅनबरीच्या तुरुंगातून ते फेब्रुवारी १९७२मध्ये सुटले. पुढे युद्ध संपलं, लोक घरी गेले. बेरिगन गेले नाहीत. ९ सप्टेंबर १९८० रोजी धाकटे भाऊ फिलिप आणि आणखी सहाजणांसह ते पेनसिल्व्हेनियातल्या किंग ऑफ प्रशिया इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात शिरले. अण्वस्त्रांच्या नाकाडांवर हातोडे घातले, कागदांवर स्वतःचं रक्त ओतलं. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने तलवारींचे नांगराचे फाळ करायला सांगितलंय, त्यावरून इथून सुरू झालेल्या चळवळीला ‘प्लाउशेअर्स’, म्हणजे नांगराचे फाळ, हे नाव मिळालं. अपिलं दहा वर्षं चालली.

या सगळ्याच्या मधे, फारसा गाजावाजा न करता, ते न्यूयॉर्कमध्ये आधी कर्करोगाच्या आणि मग एड्सच्या मरणासन्न रुग्णांपाशी जाऊन बसत. ऐंशीच्या दशकात एड्सच्या रुग्णाच्या खोलीत पाऊल टाकायला नातेवाईकही कचरत होते, तेव्हाची ही गोष्ट. गर्भपातालाही त्यांचा विरोध होता, आणि त्यामुळे डाव्या मित्रांची पंचाईत होई. इस्रायलवर १९७३मध्ये केलेल्या टीकेने आणखी काही दुरावले. कुठल्याच गोटाला ते पुरते आपले वाटले नाहीत.

फिलिप २००२मध्ये गेले. डॅनियल ३० एप्रिल २०१६ रोजी ब्राँक्समधल्या जेझुइटांच्या घरात, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. ४ एप्रिल २०१८ रोजी प्लाउशेअर्सचे सातजण जॉर्जियातल्या किंग्ज बे नौदल तळावर शिरले. ट्रायडंट क्षेपणास्त्रांच्या पाणबुड्या तिथे असतात. सातांत फिलिप यांच्या पत्नी एलिझाबेथ मॅकअलिस्टर होत्या, आणि स्टीफन केली नावाचे एक जेझुइट धर्मगुरूही. हातात हातोडे आणि रक्ताच्या बाटल्या. केली यांना ३३ महिन्यांची शिक्षा झाली. पाणबुड्या अजून तिथेच आहेत.