कलमात लिहिलेला दुष्काळ

मागच्या लेखात आपण डक लेकच्या चकमकीपाशी थांबलो होतो. २६ मार्च १८८५ रोजी मेटी, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांनी उठाव करून तिथे कॅनडाच्या पोलिसांना माघार घ्यायला लावली. ती बातमी काही दिवसांतच फ्रॉग लेकला पोचली. आजच्या अल्बर्टा प्रांताच्या पूर्व सीमेजवळची ही इवलीशी वस्ती. सरकारी कचेरी, हडसन बे कंपनीचे दुकान, चर्च आणि जवळच उभी राहत असलेली एक गिरणी, एवढाच तिचा पसारा. क्री या आदिवासी जमातीचा नायक बिग बेअर याच्या लोकांचा तळही तिथेच पडला होता. २ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, त्या तळातल्या योद्ध्यांनी वस्तीतली नऊ माणसे गोळ्या घालून मारली.

हे समजून घ्यायचे तर १८७६ सालात जावे लागते. त्या वर्षी क्री नायकांनी इंग्लंडच्या राणीशी सहाव्या क्रमांकाचा तह केला. ज्यांच्यावर क्री जगत ते रानगवे झपाट्याने कमी होत होते आणि देवीच्या साथीने घरेच्या घरे ओस पडल्याला फार वर्षे झाली नव्हती. म्हणून क्रींनी हट्टाने एक कलम घालून घेतले: साथ आली किंवा सरसकट दुष्काळ पडला, तर राणी मदत करील. मात्र दुष्काळ आहे असा दाखला द्यायचा तो सरकारी एजंटाने! त्याच साली, त्याच राणीच्या राज्यात, आपल्या दख्खनचा भीषण दुष्काळ सुरू झाला होता. दुष्काळी कामावरची मजुरी तेव्हा दिवसाला रतलभर धान्यापर्यंत खाली आणली गेली, हे वाचकांना आठवत असेल.

बिग बेअरला त्या कागदाचा भरवसा वाटेना. तो सहा वर्षे सहीला अडून राहिला. १८७९ च्या सुमारास कॅनडाच्या माळांवरून रानगवे जवळजवळ नाहीसे झाले, लोक उपाशी मरू लागले, आणि डिसेंबर १८८२ मध्ये त्याला सही करावीच लागली. पुढे राजधानी ओटावातल्या सरकारने खर्च कमी करायचा म्हणून शिधा तोडला. काम नाही तर शिधा नाही, असा नियम आला. फ्रॉग लेकला तो राबवणारा एजंट थॉमस क्विन. भुकेल्यांना ओटावा दिसत नव्हते, क्विन दिसत होता. म्हाताऱ्या नायकाचा सबुरीचा सल्लाही आता कुणी मानत नव्हते. तरुण योद्धे वॉन्डरिंग स्पिरिट या युद्धनायकाचे ऐकत होते.

२ एप्रिलच्या सकाळी योद्ध्यांनी गोऱ्यांना एकत्र करून तळावर चालायला सांगितले. क्विनने साफ नकार दिला. वॉन्डरिंग स्पिरिटने त्याला जागीच गोळी घातली. मग काही मिनिटांतच आणखी आठ जण पडले. त्यांत फाफार आणि मार्शां हे दोन निःशस्त्र धर्मगुरूही होते. भूक कितीही खरी असली, तरी या दोघांच्या हत्येचे समर्थन मला करता येत नाही. बिग बेअर थांबा, थांबा म्हणून ओरडत होता, अशी साक्ष पुढे कंपनीच्या दुकानातला कारकून कॅमेरन याने दिली. तो स्वतः त्या दिवशी वाचला होता. टेरेसा गोवनलॉक आणि टेरेसा डिलेनी या दोघींचे नवरे त्या दिवशी मारले गेले. त्या दोघींना कैद करून नेले, पण जॉन प्रिचर्डसारख्या मेटी माणसांनी आपले घोडे देऊन त्यांना सोडवले आणि सांभाळले. दोन महिन्यांनी दोघी सुखरूप परतल्या.

हत्यांचे खटले बॅटलफोर्डला चालले. आरोपींना वकील मिळाला नाही. २७ नोव्हेंबरला आठ जणांना एकाच वेळी फासावर चढवले. त्यांतले सहा फ्रॉग लेकच्या हत्यांसाठी. ते पाहायला जवळच्या निवासी शाळेतली आदिवासी मुले मुद्दाम आणली होती. बिग बेअरला तीन वर्षांची शिक्षा झाली. आजारी म्हणून त्याला १८८७ मध्ये सोडले आणि पुढच्याच जानेवारीत तो वारला. दुष्काळाचे कलम मोडल्याबद्दल मात्र एकाही अधिकाऱ्यावर खटला भरला गेला नाही.

याच उठावात शिक्षा झालेल्या पाउंडमेकर या दुसऱ्या क्री नायकाला कॅनडा सरकारने २०१९ मध्ये निर्दोष ठरवले. त्याची हकिगत पुढच्या आठवड्यात.