पालखीच्या वाटेवरचं केडगाव: तिथे एवढं मोठं चर्च कसं उभं राहिलं?

तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे निघते, तेव्हा वाटेत केडगाव चौफुला लागतो. तिथून काही किलोमीटर आत दौंड तालुक्यातलं केडगाव आहे. इथे इंग्रजांची लष्करी छावणी नव्हती. तरीही १८९९ मध्ये इथे एका भव्य चर्चची पायाभरणी झाली. ते उभारलं पंडिता रमाबाईंनी.

केडगावच का?

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. संस्थेचा खर्च भागावा, म्हणून त्यांनी केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. मग त्यांची सोय केडगावात झाली. हेच ‘मुक्ती सदन’.

दुष्काळ रमाबाईंनी आधीच भोगला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत कुटुंबासह तीर्थक्षेत्रं फिरायचे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आधी आई-वडील गेले, मग थोरली बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले.

एवढं मोठं चर्च कशाला?

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आल्या. रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जणींना एकत्र बसता येईल अशी जागा हवीच होती. इथल्या बायका शेती, विणकाम आणि छपाई शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेला बायबलचा मराठी अनुवादही इथल्याच छापखान्यात छापला गेला.

वाद झाला का?

झाला. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. मुलींच्या धर्मांतराच्या भीतीने शारदा सदनवर ‘केसरी’ने टीका केली. रानडे आणि भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

केडगाव ते चिली

१९०५ मध्ये इथे शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत पोहोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला त्यातून प्रेरणा मिळाली.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचं निधन झालं. मुक्ती मिशनचं काम केडगावात आजही सुरू आहे. जुनं चर्च म्हटलं की आपल्याला गोरा साहेब आठवतो. केडगावचं चर्च मात्र तीर्थयात्रेच्या वाटा तुडवलेल्या एका पुराणिकाच्या लेकीने बांधलं, दुष्काळातून वाचलेल्या मुलींसाठी.