मुळाच्या टोकाचा दोष: रूट कॅनलनंतरच्या शस्त्रक्रियेविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

दाताच्या गाभ्यातील मृदू ऊतक, म्हणजे दंतमज्जा, बोलीभाषेत ‘नस’ म्हणून ओळखली जाते. ती किडीने नासल्यावर काढून टाकून मुळांतील नळ्या स्वच्छ करणे व भरणे, हा रूट कॅनल उपचार होय. बहुतेक दात त्यामुळे वर्षानुवर्षे टिकतात. तथापि काही दातांत मुळाच्या टोकाशी जंतू तग धरतात आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, चावताना कळ येते किंवा हिरडीवर पू झिरपणारी पुटकुळी उठते. मुंबईत बोरिवली-अंधेरीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या दवाखान्यांत अशा वेळी सुचवली जाणारी ‘एपिकोएक्टमी’ म्हणजे हिरडी बाजूला सारून हाडातील रोगट ऊतक काढणे, मुळाचे टोक सुमारे ३ मिलिमीटर छाटणे आणि नळीचे तोंड त्या बाजूने बंद करणे.

गैरसमज १: दुखणे परतले, म्हणजे दात काढणे हाच उपाय.
वस्तुस्थिती: उपाय कारणावरून ठरतो. एखादी नळी साफ करायची राहिली असेल किंवा कॅपखालून लाळ झिरपत असेल, तर सहसा रूट कॅनल पुन्हा करणे हाच पहिला पर्याय असतो. टोकाजवळच्या सूक्ष्म उपशाखांत उपकरण पोचत नसेल, किंवा मुळात घट्ट बसवलेला खिळा काढताना मूळ तडकण्याचा धोका असेल, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो. मूळ उभे चिरले असेल, तर मात्र बहुधा दात काढावाच लागतो.

गैरसमज २: प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण केला की रोग बरा होतो.
वस्तुस्थिती: मज्जा काढलेल्या नळीत रक्तपुरवठा नसल्याने रक्तावाटे जाणारे औषध तेथील जंतूंपर्यंत पोचत नाही; पसरती सूज आणि ताप यांवर प्रतिजैविक उपयोगी पडते, परंतु संसर्गाचे मूळ जागच्या जागी राहते. म्हणूनच ठणका थांबणे आणि रोग जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज ३: वरच्या दातावर शस्त्रक्रिया केल्यास नजर अधू होते.
वस्तुस्थिती: ‘नस’ हा एकच शब्द मज्जा, रक्तवाहिनी आणि चेतातंतू या तिन्हींसाठी वापरला जात असल्याने या भीतीला बळ मिळते. दातांची संवेदना पाचव्या मस्तिष्क चेतेकडून येते, तर दृष्टीची चेता दुसरी व पूर्णपणे स्वतंत्र आहे. खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यावी लागते: वरच्या दाढांची मुळे वरच्या जबड्याच्या हाडातील हवेच्या पोकळीजवळ, तर खालच्या उपदाढांची मुळे ओठाला संवेदना देणाऱ्या चेतेजवळ असतात, त्यामुळे गरजेनुसार आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय चित्रण, केले जाते.

गैरसमज ४: ही शस्त्रक्रिया वेदनादायक असते आणि तिचा परिणाम टिकत नाही.
वस्तुस्थिती: ती सहसा जागा बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो, नंतरची सूज काही दिवसांत ओसरते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात जुन्या पद्धतीचे यश सुमारे ५९ टक्के, तर सूक्ष्मदर्शक, श्राव्यातीत ध्वनिलहरींवर चालणारी टोके आणि आधुनिक भरण यांच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेचे सुमारे ९४ टक्के आढळले. एमटीए हे असे भरण अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठात १९९०च्या दशकात विकसित झाले. ओलाव्यातही ते घट्ट होते आणि शरीर ते सहसा स्वीकारते.

गैरसमज ५: टाके निघाले, म्हणजे उपचार संपला.
वस्तुस्थिती: टाके साधारण आठवडाभरात निघतात, पण पोखरलेले हाड भरून येण्यास अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, ते क्ष-किरण तपासणीतच दिसते. मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते आधीच सांगावे आणि ती औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

खासगी उपचाराचा खर्च झेपत नसेल, तर पश्चिम रेल्वेवरील मुंबई सेंट्रलजवळचे, १९३३ साली स्थापन झालेले नायर दंत महाविद्यालय आणि मध्य रेल्वेच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालय येथे दंतोपचाराची रुग्णालये आहेत. उपचार कोठेही घेतला, तरी दात काढण्यास संमती देण्यापूर्वी संसर्ग नेमका कशामुळे टिकून आहे, हे चित्रणावर दाखवून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे; कारण एकदा काढलेला दात सहसा परत बसवता येत नाही, आणि अनेकदा दोष अख्ख्या दातात नसून त्याच्या टोकाच्या त्या ३ मिलिमीटरमध्येच असतो.