बॅटरी नव्हे, कपलर बघा!

मे महिना, चोपड्याचं रणरणतं ऊन आणि यावल रस्त्यावर बाइकचा सेल्फ एकदम गप्प! ‘बॅटरी गेली,’ मी जाहीर करून टाकलं. मेकॅनिककाका हसले. ‘आधी वायरिंग बघू, भाऊ.’ मॅग्नेट कॉइलकडून रेग्युलेटरकडे जाणारा प्लास्टिकचा कपलर वितळून काळा पडला होता. पिन सैल झाली की तिथला रोध वाढतो, जोड तापतो आणि प्लास्टिक वितळतं. नुसती टेप गुंडाळली, तर पुन्हा तेच!

काकांनी जळकी वायर कापून तेवढ्याच जाडीची जोडली, नवा कपलर बसवला. बॅटरी चार्ज केली, इंजिन रेस करून मल्टिमीटर लावला : १४.२ व्होल्ट. ओके! काटा १५च्या वर गेला, तर रेग्युलेटरवर संशय. १३च्या आतच राहिला, तर चार्जिंगच नाही.

तेव्हा गावी निघण्याआधी, इंजिन थंड असताना, कपलर एकदा चाचपून बघाच. नव्या बॅटरीचे पैसे वाचतील, बॉस!